लाटाच हायत, साहेब

आमच्या घरात रागाला जागा नव्हती. अगदी शब्दशः सांगते. दहा बाय बाराची खोली, तीत आम्ही सहा जणं, एका कोपऱ्यात चूल, दुसऱ्या कोपऱ्यात मोरी. रागानं पाय आपटत बाहेर जावं म्हटलं तर उंबऱ्याबाहेर शेजारणीचं वाळवण, आणि घरातच तोंड फिरवून बसावं तर भिंतीला नाक लागायचं. म्हणून आमच्याकडं रागावलेलं माणूस गप्प बसायचं आणि हातातलं काम दुप्पट वेगानं करायचं. आईला आम्ही अव्वा म्हणायचो. ती मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायची, आणि ज्या दिवशी तिच्या बोटांकडं बघवत नसे इतक्या भराभर पानं गुंडाळली जात, त्या दिवशी कुणीतरी तिला बोलून गेलेलं आहे हे आम्हा पोरांना न सांगता कळायचं. मला मात्र हे कधीच जमलं नाही. माझा राग तोंडावाटे यायचा. अजून येतो. सून म्हणते, आई, जरा दमानं घ्या, वय झालं तुमचं. वय झालं म्हणूनच म्हणते मी, आता दम कशाला धरू?

खोली कारखान्याच्या मालकीची होती आणि कारखान्याला अगदी चिकटून होती. भिंतीपलीकडं चादरींचे माग चालत. दिवसभर खटखट, खटखट, फळीवरची भांडी बारीक थरथरत असायची, आणि आम्ही सगळे त्या आवाजाच्या वरच्या पट्टीत बोलायचो. पुढं शाळेत नोकरीला लागले तेव्हा मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बाई, तुम्ही नेहमी रागावल्यासारख्या का बोलता?" त्यांना काय सांगणार? वीज गेली की माग थांबायचे, आणि त्या शांततेनं पाळण्यातली पोरं दचकून उठून रडायला लागायची. मागांचा आवाज हीच आमची अंगाई होती.

जेवायला ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी आणि आंबाडीची भाजी. आम्ही तिला पुंटीकूर म्हणायचो. आंबट, लसणाची फोडणी दिलेली, आणि ती अव्वाच्या हातचीच हवी. माझे नायना, म्हणजे वडील, लहानपणी तेलंगणातल्या गावाहून सोलापुरात आले, ते इथलेच झाले. घरात आम्ही तेलुगू बोलायचो, दाराबाहेर मराठी. नायनांची मराठी कारखान्यात घडलेली, अस्सल सोलापुरी. त्यांचं घरातलं बोलणंही मी इथं त्याच मराठीत लिहिते, म्हणजे वाचणाऱ्याला त्यांचा आवाज तरी ऐकू येईल.

नायना माग चालवत नसत. ते नक्षी काढत. चौकटीच्या मोठ्या कागदावर पेन्सिलीनं एकेक घर भरायचं, एक घर म्हणजे एक धागा. मोर, कमळ, वेल, जे काढायचं ते असं घराघरानं काढायचं. मग त्या कागदाबरहुकूम पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची. त्या पट्ट्यांची माळ मागावर चढली की कुठला धागा उचलायचा आणि कुठला दाबायचा हे मागाला त्या भोकांवरून कळे. एक भोक चुकलं की सबंध चादरीत मोराला पाय तीन. कारखान्यात माग चालवणारे पुष्कळ होते, नक्षी काढणारा हा एकच माणूस. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन्सिलीचा तुकडा असायचाच, आणि कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी अंथरलेली चादर उलटून तिची मागची बाजू बघायचे. अव्वाला याची फार लाज वाटायची. "सोयऱ्याच्या घरी गेलं की आधी त्येंचं अंथरूण उलटं करायचं, ही कुठली रीत?" असं ती म्हणायची. नायना म्हणायचे, "म्होरली बाजू सगळ्यांस्नी दाखवाय असती. खरं काय ते मागंच कळतंय."

तेलुगू अक्षरं मला त्यांनी शिकवली. मी शाळेत मराठीतून शिकत होते, कारखान्यातल्या बहुतेक पोरांना तेलुगू बोलता यायचं पण वाचता यायचं नाही. नायना गावाकडं दोन-तीन यत्ता शिकले होते, तेवढीच त्यांची इस्टेट. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी शहाबादी फरशीवर ते ओल्या बोटानं अक्षर काढायचे, आणि ते वाळायच्या आत मी वाचायचं. सोलापूरचा उन्हाळा, अक्षर डोळ्यांदेखत उडून जायचं. आमची अक्षरं गोल, वळणावळणाची, जिलबीवाल्यानं कढईत सोडल्यासारखी. माझं नाव ललिता. तेलुगूत ते तीन अक्षरांत बसतं. पहिला ल, डोक्यावर काहीच नसलेला. मग लि, म्हणजे तोच ल, पण डोक्यावर अंबाडा घातलेला. आणि शेवटी त, डोक्यावर बरोबरच्या खुणेसारखं चिन्ह. ही तीन अक्षरं मी झोपेतही ओळखली असती.

त्या वर्षी दिवाळी उलटून गेल्यावर मालकांच्या धाकट्या मुलानं नायनांना सांगितलं, की कोकणात रत्नागिरीला बंदरावर मोठं वस्त्रप्रदर्शन आहे, तिथं आपली चादर मांडायची. मालक आमच्यातले नव्हते. तेलुगू त्यांना तोडकंमोडकं बोलता यायचं, पण आमचं अक्षर त्यांना काळं की गोरं माहीत नव्हतं. धाकटे मालक नुकतेच शिकून आले होते आणि दिसेल त्याला "नवीन काहीतरी करा" म्हणून सांगायचे. नायनांनी महिनाभर खपून नवी नक्षी काढली आणि नमुना म्हणून एकच चादर विणून घेतली. ती घरात कुणाला दाखवली नाही, मलाही नाही. प्रदर्शनात लोकांना दाखवायला एक छोटा हातमागही न्यायचा होता. तो नायनांनी चालवायचा, आणि शेजारी बसून धोट्यातल्या कांड्यांवर सूत भरून द्यायला कुणीतरी हवं होतं. अव्वाला बिड्यांचा कोटा सोडून जाता येईना, म्हणून माझी वर्णी लागली. मी चौदा वर्षांची होते, आणि सोलापूरच्या बाहेर माझी धाव माढ्याच्या मावशीपर्यंतच होती.

धाकटे मालक मोटारीनं गेले. आम्ही टेम्पोत, हातमागाचे सुटे भाग आणि चादरींच्या गाठी यांच्यामध्ये. अव्वानं कडक भाकऱ्यांची चवड आणि शेंगाची चटणी बांधून दिली होती. घाटात मला इतक्या उलट्या झाल्या की मला समुद्र नको, बंदर नको, घरी न्या असं मी रडून सांगितलं. नायनांनी माझं डोकं मांडीवर घेतलं आणि वाटभर मला गाठींवरचे नंबर वाचून दाखवले, जणू ती गोष्टच होती.

पोचलो तेव्हा नुकतंच उजाडलं होतं. नायना म्हणाले, आधी समुद्र बघू, मग गाठी सोडू. आम्ही धक्क्यावर गेलो. सूर्य वर आला आणि सगळं बंदर एकदम लखलखलं. होड्या, त्यांची रंगवलेली नाकं, पलीकडं डोंगरावरचा किल्ला, त्याच्या टोकाला दीपस्तंभ, आणि समोर पाणीच पाणी. ऊन आम्हाला नवं नव्हतं, सोलापूरकराला ऊन काय दाखवता! पण आमचं ऊन भाजतं, तिथलं उकडतं. घटकाभरात नायनांचा शर्ट पाठीला चिकटला. त्यांनी वाकून पाण्यात बोट बुडवलं, चाखलं, आणि म्हणाले, "खरंच खारट हाय की गं." मग समुद्र सोडून ते एका म्हाताऱ्या खारव्याशेजारी जाऊन बसले आणि त्याचं जाळं हातात घेऊन गाठ कशी मारतात ते विचारू लागले. दोघांची मराठी एकमेकांना निम्मीच कळत होती, पण धाग्याचं बोलणं दोघांनाही पुरत होतं. नायना इतके खुशीत मी पुन्हा कधी बघितले नाहीत. मला वाटतं, म्हणूनच पुढचं मला जास्त लागलं.

प्रदर्शन बंदराजवळच्या एका जुन्या दगडी वखारीत होतं. पूर्वी तिथं परदेशी जायचा माल ठेवत म्हणे. जाड भिंती, वर कौलं, आणि दारातून थेट समुद्राचं ऊन आत यायचं. आम्ही हातमाग जोडला. मी चरख्याशी बसून कांड्या भरायला लागले. समोरच्या मोठ्या भिंतीवर वखारीच्या दोन गड्यांनी नायनांची नवी चादर टांगली. निळ्या रंगावर पांढरी नक्षी, मधे मोकळं मैदान आणि चारी बाजूंनी रुंद किनार. नायना मागावरून उठले.

"मालक, चादर उलटी लागलीया."

धाकटे मालक हसले. "मास्तर, चादरीला कुठं उलटं-सुलटं असतं?"

"हिला हाय की, मालक."

नायनांनी स्वतः स्टूल ओढलं, वर चढले, खिळ्यावरून चादर काढली, फिरवून पुन्हा लावली. मालकाच्या शब्दाबाहेर जाऊन त्यांनी केलेली मी बघितलेली ही एकच गोष्ट. ते खाली उतरले आणि मी मान वर करून बघितलं. वरच्या किनारीत एक ल होता. त्याच्या शेजारी डोक्यावर अंबाडा घातलेली लि. त्याच्या शेजारी त. पुन्हा ल, लि, त. पुन्हा. या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकमेकांत गुंतलेली, वेलीसारखी. माझ्या हातातली कांडी सुटून घरंगळत गेली.

"नायना, ही मी हाय?" मी हळूच विचारलं.

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "गप. कांडी भर." पण ते हसत होते, आणि तोंड लपवायला मागावर वाकले होते.

माझ्या आयुष्यातला तो एक तास. येणारे-जाणारे त्या चादरीसमोर थांबत, वा वा म्हणत, आणि मी मनात म्हणत होते, बघा, बघा, ती मी आहे. गरिबाच्या पोरीला कुणी असं भिंतभर लिहितं का? मग धाकट्या मालकांनी एक पाटी आणून चादरीखाली अडकवली. ठळक अक्षरांत लिहिलं होतं, "बंदराची लाट". त्याखाली, "कल्पना व आरेखन", आणि पुढं धाकट्या मालकांचं नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. खाली दोन ओळी, की या बंदराच्या धक्क्यावर बसून लाटा न्याहाळताना ही नक्षी त्यांना सुचली. अहो, धाकटे मालक रत्नागिरीला आमच्यासारखेच पहिल्यांदा आले होते! मी पाटी वाचली आणि नायनांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "असू दे. माल त्येंचाच हाय." आणि धोटा फेकत राहिले. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारे जगात पुष्कळ असतात, पण पीठ दळणाऱ्यानं "असू दे" म्हणावं याचा मला जास्त संताप आला. वखारीचा एक म्हातारा शिपाई चादर बराच वेळ बघून म्हणाला, "असली लाट मी उभ्या जन्मात बघितली नाय." त्या सबंध वखारीत तेवढाच एक खरं बोलला.

भर दुपारी परीक्षक आले. दोन साहेब आणि एक बाई. बाई मुंबईहून आल्या होत्या, चित्रकला शिकवणाऱ्या, करड्या केसांच्या, चष्म्याला दोरी. मागे वीस-पंचवीस माणसं. बाई चादरीसमोर थांबल्या आणि समजावून सांगू लागल्या, "पाहा, पहिली लाट नुसती उठते. दुसरीच्या माथ्यावर फेस आलेला आहे, हा गोल. आणि तिसरी किनाऱ्याला येऊन वळते. पुन्हा पहिली. किती लय आहे यात!" त्या ज्याला फेस म्हणत होत्या तो माझा अंबाडा होता. मी उठून उभी राहिले. आवाज मागांच्या शेजारी वाढलेला, तो काही मला दगा देणार नव्हता.

"बाई, ती लाट न्हाय. ते माझं नाव हाय."

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. त्यांनी विचारलं, "कुठल्या भाषेत?"

"तेलुगूत. ल, लि, त. ललिता. माझ्या नायनांनी काढलंय."

धाकटे मालक पुढं आले. "पोरगी हुशार आहे, बाई. जिथं बघेल तिथं तिला आपलंच नाव दिसतंय." पुन्हा हसू. बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, किनारीजवळ गेल्या, बोटानं ती तीन अक्षरं एकदा, दोनदा गिरवली. मग वळून थेट मागाकडं आल्या. नायना उठून उभे होते, हात पुढं बांधलेले.

"हे तुम्ही काढलंय का?" बाईंनी विचारलं. "खरं असेल ते सांगा. मी आत्ता पाटी बदलायला लावते."

आत्ता, हा शब्द मला अजून ऐकू येतो. इतकं सोपं होतं ते. एक व्हय म्हणायचं. शेकडो धागे एकदम उचलायला लावणारा माणूस, त्याला एक शब्द उचलायचा होता. धाकट्या मालकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, अगदी प्रेमानं. "सांगा की, मास्तर. घाबरताय काय?"

नायनांनी माझ्याकडं बघितलं नाही. बाईंकडंही नाही.

"लाटाच हायत, साहेब."

विचारलं होतं एका बाईनं, आणि ते उत्तर देताना साहेब म्हणाले. ही चूक माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आली असेल असं मला वाटत नाही. उत्तर कुणाला चाललं होतं ते मला त्या एका शब्दावरून कळलं. बाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. मग म्हणाल्या, "बरं." आणि पुढच्या चादरीकडं गेल्या. त्यांच्यावरही माझा राग आहे. शिकलेल्या बाईनं गरिबाला मालकासमोर उभं करून खरं सांग म्हणावं, आणि त्यानं नाही म्हटलं की बरं म्हणून पुढं जावं? बाजूला घेऊन विचारता आलं नसतं? तेलुगू वाचणारं एखादं माणूस शोधता आलं नसतं? पण तेवढा वेळ कुणाकडं असतो.

बक्षीस "बंदराची लाट" लाच मिळालं. शाल, श्रीफळ आणि एक पितळी तबक. पाहुण्यांनी धाकट्या मालकांच्या खांद्यावर शाल घातली. फोटोवाल्याला चादर मधे हवी होती, म्हणून तो नायनांना म्हणाला, "ओ मास्तर, जरा धरा ती मागनं." नायनांनी चादर दोन्ही हातांनी उंच धरली. फोटो पुढं वर्तमानपत्रात आला, तो कापून अव्वानं डब्यात ठेवला होता. त्यात पाहुणे आहेत, धाकटे मालक आहेत, शाल आहे. चादरीच्या वरच्या कडेवर आठ बोटं आहेत आणि खाली दोन अनवाणी पाय. तेवढे माझे नायना. माझी पोरं लहान असताना मी त्यांना तो फोटो दाखवायचे तेव्हा ती विचारायची, आजोबा कुठायत यात? मी बोटं दाखवायचे.

संध्याकाळ व्हायच्या आधी आम्ही पुन्हा धक्क्यावर गेलो. टेम्पो यायला अवकाश होता. ऊन तिरपं झालं होतं तरी दगड तापलेलेच होते. नायनांनी भाकरी सोडली, माझ्या हातात तुकडा दिला. मी तो परत ठेवला.

"खा की, लल्ली."

"तुमी खोटं का बोललासा?"

त्यांनी चटणीचं पुडकं उलगडलं. मग म्हणाले, "आपली खोली कुणाची हाय?"

"मालकाची."

"तुझ्या भावाला मागावर कोण लावून घेनार हाय?"

"मालक."

"मग?"

"आन् नाव कुणाचं हुतं ते?" मी ओरडले. जाळी विणत बसलेली माणसं वळून बघायला लागली. "माझं नाव हुतं. तुमी मला न्हाय म्हनलासा. सगळ्यांम्होरं न्हाय म्हनलासा."

नायनांनी हात वर केला. मला वाटलं आता मारणार. त्यांनी कधी मारलं नव्हतं. त्यांनी तो हात स्वतःच्याच तोंडावर ठेवला. मी त्यांना जवळ घ्यायला हवं होतं, असं आता कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. चौदा वर्षांच्या पोरीनं बापाला समजून घ्यावं, मालकाला समजून घ्यावं, परीक्षकांना समजून घ्यावं, मग समजून न घेण्याचा हक्क आहे तरी कुणाला? परतीच्या सबंध वाटेत मी एक शब्द बोलले नाही. घाट आला, उलट्या झाल्या, तरी मी डोकं गाठीवर ठेवलं, त्यांच्या मांडीवर ठेवलं नाही.

चादर खूप चालली. कारखान्यातले निम्मे माग तिलाच लागले आणि बाजारात तिला लाटच म्हणू लागले, "लाट द्या, लाट" म्हणून गिऱ्हाइकं मागायची. भिंतीपलीकडं दिवसरात्र माझं नाव विणलं जायचं, आणि भिंतीअलीकडं मी नायनांशी बोलत नव्हते. लग्नांत आहेर म्हणून तीच, आजाऱ्याच्या अंगावर तीच. नायनांनी ठरवलं असतं तर नव्या पट्ट्या पाडताना ते नाव बदलून खरोखरच्या लाटा काढता आल्या असत्या, आता तर त्यांनी समुद्रही बघितला होता. त्यांनी एकही भोक बदललं नाही. शेवटी मीच बोलले. मला राग धरता येतो, अबोला नाही.

ते फरशीवर चौकटीचा कागद पसरून बसले होते. मी म्हणाले, "नायना, सगळीकडं लाटच म्हनत्यात."

"म्हनू दे की. मालकानं लाट इकावी. तुझं नाव जातंया का न्हाय गावोगाव? करमाळ्याला जातंया, पार हैदराबादला जातंया. न्हाय वाचता आलं तर त्येंचं नशीब."

"माझं जातंया. तुमचं कुटं हाय?"

पेन्सिल थांबली. नायनांनी खरोखर विचार केला, जणू हे त्यांना कुणी पूर्वी विचारलंच नव्हतं. मग त्यांचा चेहरा उजळला.

"माझं नाव तुझ्या नावाम्होरं लागतंच की गं. शाळंत लावत्यात न्हाय का? पोरीचं नाव, मग बापाचं. तुझं जितं जाईल तितं मी मागनं हायच."

हे त्यांचं गणित होतं, आणि ते त्यांना पुरलं. मलाही त्या दिवशी पुरलं. आम्ही पुन्हा बोलायला लागलो. नायना गेले ते याच समजुतीत गेले, आणि ती समजूत किती खोटी होती हे मी त्यांना कळू दिलं नाही. कारण माझं लग्न झालं त्याच महिन्यात माझ्या नावापुढचं त्यांचं नाव निघालं. कुणी विचारलं नाही, मीही विचारलं नाही. रेशनकार्डावर निघालं, मतदारयादीत निघालं. शाळेच्या दप्तरी कारकुनानं लाल शाईनं एक रेघ ओढली आणि वर सुवाच्य अक्षरात माझ्या नवऱ्याचं नाव लिहिलं. नवरा माझा भला माणूस होता, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तिशीहून जास्त वर्षं मी शाळेत पोरींची नावं हजेरीत मांडली, पोरीचं, मग बापाचं, आणि दर वर्षी मला वाटायचं, हे किती दिवसांचं? मालकानं एका पाटीवर त्यांचं नाव लिहिलं नाही, तर मी चौदाव्या वर्षी वखार डोक्यावर घेतली. कारकुनानं काढलं तेव्हा मी सही करून दिली. तेव्हा मी मोठी झाले होते, मला समजून घेता यायला लागलं होतं.

हे पुस्तक छापायचं ठरलं तेव्हा प्रकाशकांनी विचारलं, नाव कसं टाकायचं. हल्ली सुटसुटीत बरं दिसतं, नुसतं ललिता आणि आडनाव. मी म्हटलं, नाही. आडनाव नको, मधलं नाव टाका. ते म्हणाले, मधलं म्हणजे मिस्टरांचं? मी म्हटलं, मधलं म्हणजे नक्षी काढणाऱ्याचं.

माझ्या नायनांचं नाव यल्लय्या. ती चादर यल्लय्यांनी काढली. धाकट्या मालकांचं नावही मला चांगलं पाठ आहे, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. ते मी इथं कुठंही लिहिलेलं नाही.